वीजकंपनी बुडाली तरी चूल विझत नाही

परदेशी संसार थाटलेल्या लेकीसुनांसाठी, आणि त्यांच्या काळजीने इकडे झोप उडालेल्या आयांसाठीही

ओळखीची दहा घरं मोजली, तर त्यातल्या एखाद्या घरातलं कुणीतरी हल्ली इंग्लंडात असतंच. कुणाची लेक लंडनला, कुणाचा मुलगा-सून मँचेस्टरला, कुणाची भाची शिकायला म्हणून ग्लासगोला. अशा वेळी एखाद्या संध्याकाळी फोनवर ऐकू येतं, "आई, अगं आमची वीजकंपनी बुडाली!" आणि इकडे आईच्या पोटात गोळा उठतो. कंपनी बुडाली म्हणजे दिवे गेले, गॅस बंद, तान्ह्या बाळाला कोमट पाणीसुद्धा नाही, आणि बाहेर मरणाची थंडी!

आईचं तरी काय चुकलं? 'बुडाली' हा शब्द आपल्याकडे ऐकला, की डोळ्यांपुढे पतपेढीच्या दारातली रांग उभी राहते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढायची मुभा होती. ज्या घरांनी ते दिवस काढले, त्यांना बुडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. शिवाय वीजकंपनी बुडते ही कल्पनाच आपल्याला नवी. गावाकडे महावितरण, मुंबईत बेस्ट, टाटा नाहीतर अदानी. २०१८ साली मुंबई उपनगरातला रिलायन्सचा वीजव्यवसाय अदानींकडे गेला, तेव्हा बिलावरचं नाव तेवढं बदललं. ती विक्री होती, दिवाळं नव्हे.

ब्रिटनमध्ये मात्र वीज आणि गॅस विकणाऱ्या कंपन्या खरोखरच बुडतात, आणि एकदा तर त्या डझनांनी बुडाल्या. म्हणून हा विषय नीट समजून घेतलेला बरा. सुरुवातीलाच सांगून टाकते: कंपनी बुडाली म्हणून तिथल्या घरातला दिवा विझत नाही, शेगडी बंद पडत नाही आणि जमा असलेले पैसेही बुडत नाहीत. नुकसान होतं ते बहुतेक वेळा घाबरून काहीतरी भलतंच केल्यामुळे.

रतीब आणि गवळी

तिथली व्यवस्था समजायला दुधाच्या रतिबाचं उदाहरण घ्या. समजा, तुमच्याकडे एक गवळी दूध घालतो. म्हशी त्याच्या नाहीत, डेअरी त्याची नाही, रस्ताही त्याचा नाही. तो दूध घाऊक भावानं घेतो, तुमच्या दारात आणून देतो आणि महिनाअखेर पैसे घेतो. उद्या त्यानं धंदा गुंडाळला, तर म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत. प्रश्न एवढाच, की आता हिशेब कुणाशी ठेवायचा?

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये वीज आणि गॅस विकणाऱ्या कंपन्या अशाच असतात. वीज तयार करणारे वेगळे, तारा आणि नळ सांभाळणारे वेगळे, आणि गिऱ्हाइकाशी करार करून बिल पाठवणारे वेगळे. तिथला गॅसधंदा १९८६ साली आणि वीजधंदा १९९० साली सरकारनं खाजगी हाती सोपवायला घेतला. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती गिऱ्हाइकाला आपली कंपनी आपण निवडायची मोकळीक मिळाली. त्यामुळे एकाच गल्लीत शेजारशेजारच्या दोन घरांची बिलं दोन निराळ्या कंपन्यांची असतात, आणि तारा मात्र त्याच.

म्हणून घरातले दिवे खरोखरच गेले, तर त्याचा कंपनीच्या दिवाळ्याशी संबंध नसतो. तो तारांचा बिघाड. त्यासाठी तिथे १०५ हा फोन नंबर आहे, आणि तुमची कंपनी कोणतीही असो, नंबर तोच. गॅस गळतीचा वास आला, तर ०८०० १११ ९९९. हे दोन नंबर फ्रिजच्या दारावर लावून ठेवावेत, कंपनी बुडो वा तरो.

या सगळ्या कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था म्हणजे ऑफजेम. एखादी कंपनी बुडाली, की ऑफजेम बाकीच्या कंपन्यांना विचारते, ही गिऱ्हाइकं कोण सांभाळणार? आलेल्या उत्तरांतून एक कंपनी निवडली जाते आणि सगळी गिऱ्हाइकं तिच्या गळ्यात पडतात. हे सारं साधारणपणे काही दिवसांत उरकतं. गिऱ्हाइकाला अर्ज करावा लागत नाही, रांग लावावी लागत नाही, मीटर बदलावा लागत नाही.

एवढ्या कंपन्या बुडाल्या कशा?

२०२१ च्या उत्तरार्धात युरोपच्या घाऊक बाजारात गॅसचे भाव कित्येक पटींनी चढले. ब्रिटनमधली बहुतेक घरं गॅसवर ऊब घेतात आणि तिथली बरीच वीजही गॅसवरच तयार होते. म्हणजे एक चढलं की दुसरं चढणारच.

त्याआधीच्या वर्षांत तिथे छोट्या छोट्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. "वर्षभर हाच दर, एक पेनीही जास्त नाही," असं सांगून त्या गिऱ्हाइकं गोळा करत. आता, वर्षभर त्याच भावात तांदूळ द्यायचं कबूल केलेल्या वाण्यानं काय करायला हवं? तांदूळ आधीच घेऊन कोठारात भरायला हवेत, निदान भाव तरी बांधून घ्यायला हवा. मोठ्या कंपन्या ते करत. कित्येक छोट्या कंपन्यांनी ते पुरतं केलं नव्हतं. भाव चढल्यावर त्यांना महाग घेऊन स्वस्त विकायची पाळी आली.

त्यात आणखी एक गोष्ट. जानेवारी २०१९ पासून तिथे घरगुती दरांवर सरकारनं कमाल मर्यादा घातलेली आहे. तिला प्राइस कॅप म्हणतात. तेव्हा ही मर्यादा वर्षातून दोनदाच बदलत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण घराच्या वर्षाच्या खर्चाच्या हिशेबानं ती १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये ती १,९७१ पौंड झाली. मधले सहा महिने कंपन्यांना वाढलेला भाव गिऱ्हाइकाकडून वसूल करता येईना. आता ही मर्यादा दर तीन महिन्यांनी ठरते.

सप्टेंबर २०२१ मध्ये अव्हरो एनर्जी बुडाली. तिची सुमारे ५ लाख ८० हजार गिऱ्हाइकं ऑक्टोपस एनर्जीकडे गेली. युटिलिटी पॉइंटची ईडीएफकडे, पीपल्स एनर्जीची ब्रिटिश गॅसकडे, इग्लूची ई-ऑन नेक्स्टकडे. वर्षभरात जवळजवळ तीस कंपन्यांनी मान टाकली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बल्ब ही कंपनी कोसळली. तिची गिऱ्हाइकं होती १५ लाखांहून अधिक. एवढा भार दुसरी कंपनी एकदम उचलील हे शक्य नव्हतं, म्हणून सरकारनं पैसा घालून ती खास प्रशासकांच्या हाती चालूच ठेवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती ऑक्टोपसकडे गेली. या काळात बल्बच्या गिऱ्हाइकांना काहीच करावं लागलं नाही. बिलं त्याच नावानं येत राहिली.

तेव्हापासून नियम कडक झाले आहेत. कंपनीजवळ पुरेसं भांडवल हवं, ही अट आता ऑफजेमनं घातली आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये रेबेल एनर्जी बुडाली आणि तिची सुमारे ८० हजार घरगुती गिऱ्हाइकं ब्रिटिश गॅसकडे गेली. तेव्हा "झालं ते झालं, आता नाही व्हायचं," असं समजून चालणार नाही.

बातमी कळल्याबरोबर काय करायचं?

पहिली गोष्ट, आहे तिथे शांत राहायचं. दुसरी कंपनी शोधायला धावायचं नाही. हे वाचायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण बुडत्या होडीतून उडी मारावी असंच माणसाला वाटतं. पण नवी कंपनी नेमली जायच्या आत तुम्ही आपणहून तिसरीकडे गेलात, तर तुमचे जमा पैसे परत मिळवताना घोळ होतो. कोण देणार, कुणी हिशेब करायचा, याची टोलवाटोलवी सुरू होते. म्हणून नेमलेल्या कंपनीचं पत्र येईपर्यंत थांबायचं. ते साधारण दोनेक आठवड्यांत येतं. कंपनी बदलण्याची प्रक्रिया आधीच सुरू झालेली असेल, तर मात्र ती चालू राहू द्यावी.

दुसरी गोष्ट, मीटरचा आकडा टिपायचा. वीज आणि गॅस, दोन्ही मीटरचा. नुसता लिहू नका, मोबाइलवर फोटोही काढा आणि तारीख टाका. जुना हिशेब कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला, हे ठरवायला या आकड्यासारखा पुरावा नाही. नवी कंपनी नेमल्याचं कळेल त्या दिवशी पुन्हा एकदा फोटो काढून ठेवावा. मीटर जिन्याखाली नाहीतर बाहेरच्या पेटीत असतो आणि घरातल्या कर्त्या पुरुषालाही तो कुठे आहे हे पुष्कळदा ठाऊक नसतं. ते आधीच पाहून ठेवा!

तिसरी गोष्ट, जुनी बिलं जपायची. हल्ली बिलं कागदावर येत नाहीत, कंपनीच्या ॲपमध्ये नाहीतर वेबसाइटवर असतात. कंपनी बुडाल्यावर ते ॲप किती दिवस उघडेल याची खात्री कोण देणार? म्हणून त्याच दिवशी शेवटची काही बिलं उतरवून घ्या, जमा किंवा बाकी दाखवणाऱ्या पानाचा फोटो घ्या आणि खातेक्रमांक वहीत लिहा.

चौथी गोष्ट, बँकेतलं डायरेक्ट डेबिट तडकाफडकी बंद करायचं नाही. डायरेक्ट डेबिट म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम बँकेतून आपोआप जाण्याची सोय. "बुडालेल्या कंपनीला कशाला पैसे द्यायचे?" हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. पण गॅस आणि वीज तुम्ही रोज वापरताच आहात. हप्ता चुकला, तर तो पुढे बाकी म्हणून अंगावर येतो. नव्या कंपनीत खातं सुरू झालं, त्यांच्याकडे हप्त्याची व्यवस्था लागली, की मग जुनं बंद करावं. मधल्या काळात चुकून जास्त रक्कम गेली, तर बँकेकडून ती परत मागता येते, अशी डायरेक्ट डेबिटची हमीच तिथे आहे.

जमा पैशांचं काय?

खरी धास्ती असते ती इथे. तिथे बहुतेक घरं बारा महिने सारखाच हप्ता भरतात. उन्हाळ्यात ऊब लागत नाही, त्यामुळे हप्त्यातले पैसे साठत जातात आणि हिवाळ्यात वापरले जातात. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात खात्यावर सगळ्यात जास्त पैसे असतात. दोनशे-तीनशे पौंड सहज साठलेले. आणि २०२१ मध्ये कंपन्या बुडाल्या त्या नेमक्या याच दिवसांत.

घरगुती गिऱ्हाइकाचे हे पैसे सुरक्षित असतात. नवी कंपनी ते तुमच्या नव्या खात्यावर जमा दाखवते किंवा परत करते. तुम्ही आधीच ती कंपनी सोडली असेल आणि शेवटचा हिशेब होऊन पैसे यायचे असतील, तरीही ते मिळतात. पण वेळ लागतो. जुन्या कंपनीची दप्तरं नव्या कंपनीच्या हाती यायला आठवडे, कधी महिने जातात. एवढ्या वेळात तुमच्याजवळच्या बिलांचे फोटो हाच आधार.

आणि तुम्हीच देणं लागत असाल तर? ते माफ होत नाही, हेही सरळ सांगायला हवं. ती बाकी नवी कंपनी मागेल, नाहीतर जुन्या कंपनीचं दिवाळं निस्तरणारे प्रशासक मागतील. अशा पत्राकडे डोळेझाक करू नये. आधी तपशीलवार हिशेब मागावा, तो आपल्या आकड्यांशी ताडून पाहावा आणि एकदम भरणं जमत नसेल तर हप्ते बांधून मागावेत. जुन्या कंपनीशी हप्ते ठरलेले असतील, तर तेही नव्या कंपनीला आपणहून कळवावं.

नव्या कंपनीला काय विचारायचं?

बुडालेल्या कंपनीशी केलेला 'वर्षभर हाच दर' हा करार तिच्याबरोबरच संपतो. नवी कंपनी तो पाळत नाही. तिच्याकडे तुम्ही तिच्या बदलत्या दरावर जाता. घरगुती गिऱ्हाइकाला इथे प्राइस कॅपचं संरक्षण असतं. पण एक गैरसमज काढून टाकायला हवा. ही मर्यादा तुमच्या बिलाच्या रकमेवर नसते. ती एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते. जास्त वापरलं, तर बिल जास्तच येणार.

नव्या कंपनीचं पत्र आलं की तिला हे प्रश्न विचारावेत. माझा दर किती? माझी जुनी शिल्लक कधी जमा होणार? हप्ता किती ठेवला आहे आणि तो कोणत्या हिशेबानं? तुमच्याकडे याहून स्वस्त योजना आहे का? उत्तरं पटली नाहीत, तर खातं नीट सुरू झाल्यावर तुम्ही खुशाल दुसरीकडे जाऊ शकता. या नेमून दिलेल्या करारातून बाहेर पडायला दंड नसतो. मात्र जाण्याआधी शिल्लक जमा झाली आहे ना, ते बघावं.

स्मार्ट मीटर असेल, तर कंपनी बदलल्यावर तो काही दिवस आपोआप आकडे पाठवीनासा होऊ शकतो, विशेषतः जुन्या बनावटीचा असला तर. अशा वेळी अंदाजी बिल येतं. त्यापेक्षा आपणच दरमहा आकडा कळवत राहावं.

प्रीपेमेंट मीटर असलेल्या घरांनी जास्त जपावं

सगळ्यांची घरं हप्त्यावर चालत नाहीत. भाड्याच्या छोट्या जागेत, नव्यानं गेलेल्या जोडप्याकडे, विद्यार्थ्यांच्या घरात पुष्कळदा प्रीपेमेंट मीटर असतो. दुकानात जाऊन किल्ली किंवा कार्ड भरून आणायचं आणि मीटरला लावायचं. पैसे संपले की वीज बंद. इथे मात्र खरी काळजी आहे. घरात लहान मूल, बाळंतीण, दमेकरी किंवा इकडून तीन-चार महिन्यांसाठी गेलेले सासू-सासरे असतील, तर ऐन थंडीत मीटर रिकामा पडणं परवडत नाही.

अशा घरांनी बातमी कळताच थोडे पैसे भरून ठेवावेत. जुनी किल्ली किंवा कार्ड टाकू नये. नव्या कंपनीचं येईपर्यंत तेच वापरायचं असतं. दुकानात पैसे भरले जाईनात, किंवा मोबाइलवरून पैसे भरायचं ॲप चालेना, तर नव्या कंपनीला ताबडतोब फोन करावा, आणि "घरात लहान बाळ आहे", "आजारी माणूस आहे", हे पहिल्याच वाक्यात सांगावं. आपल्या बायकांना हे सांगायला संकोच वाटतो. उगाच कशाला रडगाणं, असं वाटतं. पण तिथे अशा घरांची वेगळी यादीच असते. प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर म्हणतात तिला. वृद्ध, आजारी, गरोदर, लहान मुलं असलेल्या घरांना तिच्यात नाव घालता येतं, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. जुन्या कंपनीत नाव होतं म्हणून ते नव्या कंपनीत गेलंच असेल असं धरून चालू नये. पुन्हा विचारून घ्यावं. हिवाळ्यात कमी उत्पन्नाच्या घरांना बिलात १५० पौंडांची सूट मिळते. ती तुम्हाला लागू असेल, तर तिचीही चौकशी नव्या कंपनीकडे करावी.

भाड्याच्या घरात आणखी एक बघायचं: बिल कुणाच्या नावावर आहे? भाड्यातच वीज-गॅस धरलेला असेल, तर कंपनीशी बोलणं घरमालकाचं काम. मीटरचा फोटो मात्र तुमच्याजवळ असू द्या.

कुणाला हे नियम लागू नाहीत?

घरगुती डबे करून देणाऱ्या, छोटं हॉटेल किंवा किराणा दुकान चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी हे नीट वाचावं. दुकानाच्या नावानं असलेलं खातं हे व्यापारी खातं. पुरवठा त्यांचाही तुटत नाही. पण व्यापारी खात्यावरच्या जमा रकमेची हमी नसते आणि दरांवर प्राइस कॅपही नसते. तेव्हा दुकानाच्या खात्यावर विनाकारण मोठी रक्कम साठू देऊ नये.

काही नव्या इमारतींत सगळ्या फ्लॅटना मिळून एकाच ठिकाणाहून ऊब आणि गरम पाणी येतं. त्या पुरवठ्याला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. खेड्यापाड्यांत टाकीतलं तेल किंवा सिलिंडरचा गॅस घेणाऱ्यांचंही तसंच. आणि उत्तर आयर्लंडची देखरेख ऑफजेमकडे नाही, तिथली संस्था वेगळी आहे.

फोनवरच्या गोड आवाजापासून सावध

कंपनी बुडाल्याची बातमी तुमच्या आधी लबाडांना लागते. "आम्ही तुमच्या नव्या कंपनीतून बोलतो आहोत, तुमची शिल्लक परत करायची आहे, बँकेचा नंबर सांगा," असा फोन येतो. कधी ऑफजेमचं नाव घेऊन मेसेज येतो. लक्षात ठेवा, ऑफजेम कुणाला वीज विकत नाही, कुणाच्या दारी येत नाही आणि बँकेची माहिती मागत नाही. नवी कंपनी कोणती हे ऑफजेमच्या अधिकृत वेबसाइटवर जाहीर झालेलं असतं. शंका आली की फोन ठेवून द्यावा आणि त्या कंपनीचा नंबर स्वतः शोधून उलट फोन करावा. नव्यानं गेलेल्या मुलींना इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन असा मध्येच ठेवणं उद्धटपणाचं वाटतं. तो उद्धटपणा नव्हे, शहाणपणा आहे.

काहीच समजेना, तर सिटिझन्स ॲडव्हाइस ही संस्था फुकट सल्ला देते. नव्या कंपनीकडे लेखी तक्रार करून आठ आठवडे उलटले आणि प्रश्न सुटला नाही, तर एनर्जी ऑम्बड्समनकडे दाद मागता येते. त्यालाही पैसे पडत नाहीत.

शेवटी हे पैसे कुणी भरले?

गिऱ्हाइकांची जमा सुरक्षित राहिली, ही चांगलीच गोष्ट. पण ती आकाशातून पडली नाही. बुडालेल्या कंपन्यांची गिऱ्हाइकं सांभाळायला नव्या कंपन्यांना जो खर्च आला, तो पुढे देशातल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या बिलात वाटला गेला. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं २०२२ साली हिशेब मांडला, तो सुमारे २७० कोटी पौंडांचा. म्हणजे घरटी साधारण ९४ पौंड. बल्बचा हिशेब त्यात नव्हता, तो वेगळाच. बिचाऱ्या ज्या आजीबाई चाळीस वर्षं एकाच कंपनीकडे इमानेइतबारे पैसे भरत होत्या, त्यांनीही ते ९४ पौंड भरले, आणि दरवर्षी स्वस्तातली कंपनी शोधणाऱ्या चतुर शेजाऱ्यानंही तेवढेच भरले. गिऱ्हाइकांनी आगाऊ भरलेल्या पैशांवर काही कंपन्या आपला धंदा चालवत होत्या. स्वतःचं भांडवल थोडं, आणि लोकांचे हप्ते हीच पुंजी. भिशीच्या पैशांवर दुकान चालवणारा माणूस आपल्याकडेही असतो. तो पळाला की भिशीतल्या बायका हळहळतात. तिथे हळहळणाऱ्यांत सगळा देश होता.

म्हणून स्वस्त दर जरूर शोधावा, पण डोळे उघडे ठेवून. इतरांपेक्षा फारच कमी दर दिसला, तर कंपनी किती वर्षांची, तिच्याविषयी तक्रारी किती, हे पाहावं. हप्ता गरजेपेक्षा जास्त लावला जात असेल, तर कमी करून मागावा. खात्यावर उगीच मोठी शिल्लक साठली असेल, तर ती कंपनी जिवंत असतानाच परत मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि तो वापरावा. हिवाळ्यापुरते पैसे खात्यावर राहू द्यायचे आणि वरचे आपल्या बँकेत ठेवायचे, हे गणित आपल्या गृहिणींना कुणी शिकवायला नको.

कपाटाच्या दारावर लावायची यादी

१. दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही मीटरचे फोटो.

२. खातेक्रमांक, कंपनीचं नाव आणि शेवटची शिल्लक एका वहीत. वही दोघांनाही माहीत असलेल्या जागी.

३. बिल आलं की लगेच उतरवून ठेवणं.

४. कंपनी बुडाली तर: कंपनी बदलायची नाही, डायरेक्ट डेबिट तोडायचं नाही, फोटो काढायचा, पत्राची वाट पाहायची.

५. प्रीपेमेंट मीटर असेल तर किल्ली जपायची आणि मीटर अगदी तळाला जाऊ द्यायचा नाही.

६. बँकेचा नंबर फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

७. वीज गेली तर १०५. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९.

इकडच्या आयांनी एवढंच करावं: तिकडून फोन आला, तर आधी "मीटरचा फोटो काढलास का?" असं विचारावं. बाकीची काळजी नंतर करायला वेळ पुष्कळ असतो.